रजईबाहेरचा हात

आत्या, आधी गुन्हा सांगतो, मग नमस्कार करतो. कारण नमस्कार आधी केला की तू पुढचं न वाचताच "आता काय करून ठेवलंस?" म्हणतेस. तर ऐक. काकांच्या नावावर मी माझं रक्त दिलं. लपूनछपून नाही, भर सकाळी, दुकानाच्या काचेमागे, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. आणि त्या रक्तापायी बिचारे काका गेले कित्येक आठवडे उकडलेलं खातायत, आणि त्यांच्या मागोमाग सगळं घर.

आता साष्टांग नमस्कार. (हा साष्टांग एकदम खरा आहे. पत्र मी काचेमागच्या गादीवर पालथा पडून लिहितोय, त्यामुळे आठही अंगं टेकलेली आहेत. अक्षर वाकडं आलं तर गादी मऊ आहे असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो का अजून? आणि तुझी ती बोकी? मागच्या वेळी मी तिच्या शेपटीला घुंगरू बांधलं होतं त्याचा तिला अजून राग आहे का? असेल तर तिला सांग, मी सुधारलो. तुला नाही सांगत, तुला खरं माहीत आहे. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, पण खुशाल कोण आहे आणि कोण नाही तेच तर सगळं या पत्रात यायचंय.

तू बऱ्याच दिवसांत आली नाहीस, म्हणून आधी माझ्या नोकरीचं सांगतो. काकांनी मला बढती दिली. आधी मी मागच्या खोलीत कापूस पिंजायच्या यंत्रापाशी होतो, पण तिथे मी कापसात मुंडकं खुपसून गिऱ्हाइकांना भूत दाखवायचो. एक बाई आगाऊ दिलेले पैसेही न घेता पळाल्या. मग काका म्हणाले, "लोड्या, तुला एकच काम येतं, ते तू नीट कर." (मला ते लोड म्हणतात. गोल आहे आणि भिंतीला टेकून असतो म्हणून.) ते काम म्हणजे झोपणं. दर्शनी काचेमागे नवी गादी अंथरलेली असते, तिच्यावर मी रजई घेऊन पडतो. लोक बाहेरून बघतात, म्हणतात, बघा काय गाढ झोपलाय, आणि आत येऊन भाव विचारतात. शाळा मी बाकं कडक म्हणून सोडली होती, त्याचं असं सोनं झालं. हेच काम बाबा करायचे, हे मला माहीत आहे. काचेच्या खालच्या कोपऱ्यात चौकटीच्या रंगावर एक ओरखडा आहे, तो बाबांच्या अंगठीचा आहे म्हणे. झोप लागायच्या आधी मी रोज त्या ओरखड्याकडे बघतो.

आणि आत्या, गादी गादीची स्वप्नं वेगळी असतात, हे तुला कुणी सांगितलं नसेल. नव्या कापसाच्या गादीवर उडायची स्वप्नं पडतात. जुना कापूस पुन्हा पिंजून भरलेला असला तर दुसऱ्याच कुणाची तरी स्वप्नं पडतात. एकदा मला अख्खी दुपार एका अनोळखी बाईचा हरवलेला डबा शोधावा लागला होता. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उन्हाची तिरीप दुकानात शिरते, मागच्या खोलीतून कापसाची बारीक लव तरंगत येते, आणि हवेत असं पांढरं पांढरं पोहत असतं, की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेच कळत नाही. अशा वेळी माणसं माझ्यासमोर वाट्टेल ते बोलतात. झोपलेल्या माणसाला कुणी मोजतच नाही. मला गल्लीतली दोन लग्नं मोडायच्या आधी कळली होती. ही गोष्ट ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.

तर रक्त. झालं असं, की दवाखान्यातले आपले म्हातारे डॉक्टर मानेखालची उशी घ्यायला आले आणि बोलता बोलता काकूला म्हणाले, साहेबांचं वय झालं, एकदा रक्त तपासून घ्या. झालं! काकूच्या कानात एकदा गेलं की ते तिथेच गाठ मारून बसतं. तिने परस्पर तपासणीवाल्याला निरोप धाडला आणि काकांना आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवलं. आता काकांचं तुला माहीतच आहे. जगात ते दोनच गोष्टींना भितात, एक सुई आणि दुसरी तू. दिवसभर वीतभर लांब दाभण घेऊन गाद्या टाचतात, दाभण या बाजूने घुसवतात, त्या बाजूने ओढतात, गादी हूं की चूं करत नाही. पण तेवढीच सुई कुणी त्यांच्या दंडाकडे नेली की साठीचा माणूस सहा वर्षांचा होतो. रक्तवाला पेटी घेऊन रस्त्याच्या पलीकडे सायकल लावताना दिसला आणि काका माझ्यासमोरून चपला हातात घेऊन मागच्या खोलीत गेले आणि कापसाच्या ढिगात शिरले. तोंड आत, पायाचे तळवे बाहेर. पायाची बोटंही आवळून घेतलेली गं. मला हसू यायला हवं होतं, आलंही, पण पोटातून नाही आलं.

रक्तवाला आत आला. रात्रभर जागल्यासारखे डोळे, हातात काकूने लिहून धाडलेली चिठ्ठी. "मालक कुठायत?" काकू वर स्वयंपाकघरात, दुकानात मी एकटा, रजई नाकापर्यंत. मी काय केलं असेल? रजईतून एक हात बाहेर काढला आणि काकांच्या आवाजात खोकलो. बस. त्याने तोंड बघितलंच नाही. दंडाला पट्टा आवळला, टोचलं, नळी भरली, बोळा दाबून ठेवा म्हणाला आणि गेला. झोपलेल्या मालकाचं रक्त घ्यायला मिळालं म्हणून खूशच होता. त्याने जाता जाता "उपाशी आहात ना?" असं विचारलं खरं, पण मी पुन्हा खोकलो. (सकाळी उठल्यावर मी तीन क्रीमरोल खाल्ले होते, आणि काकूच्या फडताळातला गोड घट्ट दुधाचा डबा चमच्याने खरवडून साफ केला होता, आणि वर ती लाल सोड्याची बाटली. पण हे खोकल्यातून कसं सांगणार?) मग मागे जाऊन काकांच्या तळव्यांना सांगितलं, की माणूस आला होता, वाट बघून गेला. तळव्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी रक्तवाला स्वतः अहवाल घेऊन आला, कारण फोनवर सांगायचा त्याला धीर होईना. काकूला म्हणाला, वहिनी, नळी जरा वेळ उभी ठेवली, तर वर दूध आल्यासारखं पांढरं! एवढी वर्षं हे काम करतोय, असं फार कमी बघितलंय. ट्रायग्लिसराइड म्हणून एक असतं, रक्तातली चरबी, ते दीडशेच्या आत असावं, इथे चारशेच्या वर गेलंय. काकूने पदर तोंडाला लावला. काकांनी अहवाल हातात घेतला. अहवालाकडे बघितलं, मग माझ्या दंडाकडे बघितलं, जिथे बोळा काढल्यावर छोटासा निळा ठिपका राहिला होता, मग काचेच्या त्या कोपऱ्याकडे बघितलं. मी पटकन झोपलो. डोळे मिटल्यावर ऐकलं, काका अगदी हळू म्हणत होते, "माझंच आहे. काल दिलं होतं."

मला मनातल्या मनात काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! काकांनी खरं बोलावं तर कापसात लपल्याचं काकूला सांगावं लागणार. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हटलं, वा रे लोड्या, आजवर साखरेच्या बरणीत मीठ घातलंस, पण अख्ख्या माणसाच्या अंगात दुसऱ्याचं रक्त घातलंस, असं कुणाला जमलंय?

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. काकांनी मला सोबत नेलं, म्हणाले गुडघ्यात बळ नाही. (गेल्या जन्मापासून ते वाऱ्यासारखे चालतात.) दवाखान्याच्या बाकावर उन्हाचा शेवटचा तुकडा पडला होता आणि आतून औषधाचा वास येत होता, मला डुलकी लागायचीच होती. डॉक्टरांनी काकांना वरून खाली बघितलं. काका म्हणजे खुंटीला सदरा. डॉक्टर म्हणाले, नवल आहे, असं तर जरा भरलेल्या अंगाच्या, बैठ्या माणसाच्या रक्तात दिसतं. रक्त उपाशीपोटीच दिलं होतं ना, खाऊन दिलं तर हा आकडा फुगतो. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं पोट तर रिकामंच होतं." शब्द न् शब्द खरा. मी छताकडे बघत होतो.

मग डॉक्टरांनी सांगायला घेतलं. हे कशाने वाढतं? तेलातुपाने वाढतं असं लोक धरून चालतात, पण त्याहून जास्त साखरेने, मैद्याने, गोड बाटल्यांनी आणि दारूने वाढतं. अंगाला लागतं त्याच्यापेक्षा जास्त खाल्लं की यकृत त्याची चरबी करून रक्तात सोडतं. बसून राहिल्याने वाढतं, पोट सुटल्याने वाढतं. आत मधुमेह लपलेला असला, थायरॉइड मंदावलं असलं, काही औषधं चालू असली तरी वाढतं, म्हणून तेही तपासायचं. आणि काही घरांत ते रक्तातच असतं, बापाकडून मुलाला येतं. मी बोटांवर मोजत होतो, दारू सोडली तर माझी सगळी बोटं मिटली. पण काकांचे प्रश्नच संपेनात. तरण्या माणसाला होतं का? झालं तर कितपत वाईट? एखाद्याचा भाऊ पोटाच्या दुखण्याने एकाएकी गेला असेल तर त्या घरातल्यांनी काय करावं? डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, आकडा पाचशेच्या, हजाराच्या पलीकडे चढत गेला तर स्वादुपिंडाला सूज येते, ते जिवावरचं दुखणं, आणि हृदयाचं भय तर कायमच. पण घाबरायचं नाही, हे उतरतं. रक्तातल्या बाकीच्या चरबीपेक्षा लवकर उतरतं. तीन महिने खाणं सांभाळा, रोज चाला, मग कडक उपाशीपोटी पुन्हा रक्त, तोवर गोळी नाही, आणि मनाने तर मुळीच नाही. मला वाटलं, काका काय नाटक वठवतायत! भावाबिवाला मध्ये आणून!

त्या रात्री मी घरात झोपलो आणि मला स्वप्न पडलं. आत्या, असं स्वप्न कुठल्याच गादीने मला दिलं नव्हतं. माझ्या अंगात एक गाव होतं आणि गावात आपलंच दुकान. मागच्या खोलीत कुणीतरी अगदी काकांसारखं बसलेलं, तेच ते यकृत. दारात साखरेची पोती येतायत, मैद्याची येतायत, आणि त्या बिचाऱ्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. तो सगळं पिंजतो, त्याचा कापूस करतो, गाद्या भरतो, टाचतो, आणि दारातल्या तांबड्या नदीतून होड्यांवर चढवून धाडतो. होड्या दारोदार जातात. गादी हवी का गादी? पायांच्या घरी दार लावून घेतलेलं, पाय आतून म्हणतात, आम्ही झोपलोय. हातही झोपलेले. पोट तेवढं म्हणतं, ठेवा इथे, पण त्याच्याकडे आधीच छतापर्यंत थप्पी. मग होड्या परत फिरतात, नवीन होड्यांना अडतात, आणि नदीभर पांढरंच पांढरं, कापूसच कापूस, पाणी दिसेना. लांब वळणावर एक लांबुळकं, शेवाळी, गप्प जनावर झोपलेलं. ते स्वादुपिंड. कुणीतरी कुजबुजलं, तिथवर गर्दी जाऊ देऊ नका, ते चिडलं की स्वतःलाच चावतं. आणि सगळ्यात पुढच्या होडीत, गाद्यांच्या थप्पीवर, माझ्याकडे पाठ करून कुणीतरी पहुडलेलं होतं. बोटात अंगठी होती. मी हाक मारली. होडी नुसती पुढे जात राहिली.

(आत्या, बाबा कशाने गेले, हे मी लहानपणी तुला विचारलं होतं. तू म्हणाली होतीस, पोट दुखलं. मी म्हटलं, पोट तर माझंही दुखतं, आणि तू मला जवळ घेऊन उगाच खूप वेळ थोपटत बसलीस.)

असो. सकाळी उठलो तर स्वयंपाकघरात क्रांती झालेली. फडताळातून साखर गायब, जॅम गायब, पाव गायब, बाटल्या मोरीत ओतलेल्या. काकू म्हणाली, एका घरात दोन स्वयंपाक होणार नाहीत, त्यांना जे ते सगळ्यांना. झालं! भाज्या, कडधान्यं, आठवड्यातून दोनदा मासे (तळलेले नाहीत, नुसते वाफवलेले, डोळे उघडे ठेवून ते माझ्याकडे बघतात), मूठभर अक्रोड, बिनसाखरेचा चहा. तो चहा पिताना मला असं वाटतं की कुणीतरी माझ्यावर रागावलंय. आणि रोज सकाळी काकांचं चालणं. एकटा गेलो तर चक्कर येईल म्हणत ते मला उठवतात. धुक्यात दोघंच. पुढे काका म्हणजे चालती काठी, मागे मी म्हणजे घरंगळता लोड, दुकानं बंद, दूधवाल्याच्या बाटल्यांचा किणकिण आवाज, बाकी सगळं गाव माझ्या हक्काची झोप झोपतंय. मी धापा टाकायला लागलो की काका थांबायचे, वाकायचे, म्हणायचे, थांब रे, नाडी सुटली. मी हळूच दम खाऊन घ्यायचो. (काकांच्या चपलांना नाडी नसते, हे माझ्या डोक्यात आठवड्याने आलं. मी म्हटलं, वय झालं, विसरत असतील.)

पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. बेकरीतून क्रीमरोल आणून मी काचेमागच्या उशीच्या खोळीत लपवायचो. डोकं ठेवलं की नाकात वास, हात घातला की घास. रजईत तोंड घालून खायचो, बाहेरचे लोक म्हणायचे, काय गोड हसतोय झोपेत. असं छान चाललं होतं. मग एकदा मी मोरीत गेलो असताना एक मास्तर आले आणि त्यांनी नेमकी तीच उशी पसंत केली, कारण म्हणे तिला मंद सुवास होता. काकूने बांधून दिली. दुसऱ्या दिवशी मास्तर परत! कानाला मुंग्या चावलेल्या, केसांत मलई, आणि दुकानाच्या मधोमध उशी उलटी करून त्यांनी दोन चेंदामेंदा क्रीमरोल जमिनीवर पाडले. काकूची नजर माझ्याकडे वळायच्या आत काका मागून म्हणाले, "माझे आहेत. मीच ठेवले होते."

आत्या, काकूने त्यांचं जे काही केलं ते मला लिहवत नाही. म्हणाली, डॉक्टरांनी एवढं आकड्याचं भय घातलं, अक्रोड निवडून निवडून माझ्या हाताला चरे पडले, आणि तुम्ही उशीत तोंड घालून मलई चाटता? या वयात? काका मान खाली घालून दाभणात दोरा ओवत राहिले. फक्त दुसऱ्या दिवशी नाडी दोनदा जास्त सुटली.

तर आता माझी विनंती. तू या घरातली थोरली, काकू तुझं ऐकते. तिला एक पत्र टाक, की इतकं कडक बरं नाही, आठवड्यातून एकदा क्रीमरोलने कुणी मरत नाही, बटाट्याचे काप तर औषधच. काकांच्या तब्येतीची तुला फार काळजी वाटते असं लिही. माझं नाव नको. माझी पँट सैल झालीय, दोरीने बांधतोय, बघवत नाही.

बोकीला घुंगरू न बांधता लाड सांग.

तुझाच, आडवा पडलेला,
लोड

ता. क. पत्र लिहून संपलं तेव्हा उन्हाची तिरीप आली होती, म्हणून ते छातीखाली घेऊन मी तिथेच डुलकी काढली. (दुसऱ्या पानावर निळं दिसेल ते माझ्या गालाला लागलेलं आणि परत कागदाला लागलेलं आहे.) डुलकीत असतानाच डॉक्टर उशी बदलून घ्यायला आले. काकू बाजारात, काका गादी टाचत होते. मी डोळे उघडणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, काय, तुम्ही तर आणखीच वाळलात, एवढं नका करू. आणि काका म्हणाले, "डॉक्टर, जरा हळू. तो झोपलाय. रक्त माझं नाही. त्याचं आहे."

मग मी झोपूनच राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा झोपेचं सोंग जड गेलं.

डॉक्टर खवळले, म्हणाले हा काय पोरखेळ, मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत, पोराला घेऊन यायचं सोडून तुम्ही दुधी काय उकडताय! काका टाके घालत होते, दाभणाचा सर्र सर्र आवाज येत होता. म्हणाले, "याच्या बापालाही तुमच्या आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. समोर बसवून, सगळं, हजाराचा आकडा दाखवून. तो घाबरला, घरी आला आणि या गादीवर आडवा झाला. म्हणाला उद्यापासून. उद्या उद्या करत गेलाच. हा पण तसलाच. सांगितलं की झोपेल. आत्ता त्याला वाटतंय, तो मला फसवतोय, म्हणून रोज उठतो. याने मन लावून केलेली गोष्ट आजवर एकच, चेष्टा. तीन महिने मन लावून करू दे."

डॉक्टरांनी हातातली उशी खाली ठेवली. मग म्हणाले, पुढच्या खेपेला रक्त त्याचंच हवं आणि उपाशीपोटी हवं, मग निकाल काही येवो, मी त्याच्याशी स्वतः बोलणार. काका म्हणाले, रक्तवाल्याला दुकानातच धाडा, मी वेळेवर कापसात शिरतो, तो हात बाहेर काढेलच. आणि काकांना हसू आलं गं. एवढंसं. मग डॉक्टर म्हणाले, आणि तुम्ही? सख्ख्या भावाला होतं, तर तुमचंही तपासायला हवं, वाळकी माणसं सुटतात असं नाही. दाभणाचा आवाज थांबला.

ता. क. २. वरची सगळी विनंती रद्द. काकूला एक अक्षर लिहू नकोस. लिहायचंच असेल तर लिही, की आणखी कडक कर. खरी विनंती ही आहे. तपासणीचा दिवस ठरला की मी तुला कळवतो, त्या दिवशी तू ये. माझ्यासाठी नको, मी आदल्या संध्याकाळपासून तोंडाला कुलूप लावीन आणि रजईतून हात काढीन. काकांचा हात धरायला ये. कापसातून बाहेर राहिलेला तळवा ओढून त्यांना बाहेर काढायची ताकद त्यांना सुईपेक्षाही ज्याची जास्त भीती वाटते, त्या माणसातच आहे. एवढे आठवडे त्यांनी माझं दुखणं स्वतःचं म्हणून खाल्लं, आता त्यांचं त्यांनाही कळू दे. आणि रक्तवाला आलाच आहे तर तूही बाही वर कर. तूही त्याच घरातली ना? एका गादीवर तिघं बसू. बाहेरचे लोक म्हणतील, गादी फारच चांगली दिसतेय.

ता. क. ३. उशीच्या खोळीत एक क्रीमरोल राहिला होता. काल मुंग्यांना दिला. पूर्ण नाही. वरची मलई मी बोटाने. पण एकच बोट.

ता. क. ४. आणि आत्या, पाया पडतो, यातलं कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस. काकूला नको, तिला बाबा आठवतील आणि ती वाफवलेल्या माशांवर रडत बसेल. डॉक्टरांना नको, ते परत चष्मा काढतील. बोकीलाही नको, तिचा माझ्यावर राग आहे. आणि काकांना तर मुळीच नको. त्यांना कळलं की मला कळलंय, तर उद्या सकाळी मला कुठल्या तोंडाने उठवतील, आणि नाडी सुटल्याचं नाटक कसं करतील? आणि त्यांनी नाही उठवलं, तर मी उठेन का, याची मलाच खात्री नाही. म्हणून सांगू नकोस. आणखी थोडे दिवस सगळ्यांना वाटू दे, की मी झोपलोय.